मधला चौक

औरंगपुरा, औरंगाबाद
चैत्र, १९७४

प्रिय कालिंदी,

संक्रांतीला तू आलीस, माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून विचारलंस, की मी बद्रीनाथांशी लग्न केलं तर तुम्हाला चालेल का सासूबाई? आणि मी दूध उतू जाईल म्हणून उठले. स्टोव्हवर दूध नव्हतंच, वरण होतं. ते मी इतका वेळ ढवळत राहिले की तुझी पैठणची गाडी निघायची वेळ झाली. जाताना तू वाकून नमस्कार केलास आणि मी ‘सांभाळून जा’ म्हटलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला आजवरचं माझं उत्तर तेवढंच. आता चैत्र लागला, गल्लीत कुरडयांची वाळवणं पडली, तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी नको म्हटलं तर तू हे लग्न करणार नाहीस, आणि त्याबद्दल जन्मात एक अक्षर बोलणार नाहीस. तेच तर मला खात होतं. सरळ भांडली असतीस तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं.

इतके दिवस काय करत होतात म्हणशील, तर एक गोधडी शिवत होते. शिवत कसली, उसवत होते. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी पलंगाखालची ट्रंक ओढली. तुझ्या मामंजींनी पेपरातून मान वर करून विचारलं, हे काय काढलंत? मी म्हटलं, कसर लागेल म्हणून लुगडी बघतेय. मुलीच्या रुखवतात आईच्या हातची गोधडी मांडतात हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण मी स्वतःला बजावत होते, गोधडी काय, कुणालाही देता येते, त्यानं होकार दिल्यासारखं होत नाही. तुझी आई तू परकरात असतानाच गेली. वडिलांनी बद्रीनाथचं नाव ऐकल्यावर तुला दार लावून घेतलं. विधवेचं लग्न, तेही जातीबाहेर, शेतकऱ्याच्या घरात! मग तुझ्यासाठी चार तुकडे जोडणारं दुसरं होतं कोण? असं म्हणत म्हणत मी कात्रीला धार लावून आणली.

माझं शिवण तुला माहीत आहे. पोलीस ॲक्शननंतर इथं मराठी शाळा वाढल्या, तेव्हा मी शिवणाच्या बाई म्हणून लागले आणि मुलींच्या बोटांवर पट्टी मारता मारता म्हातारी झाले. टाका वाकडा गेला की अजून माझे दात आंबतात. तेव्हा साधी वाकळ मला करायचीच नव्हती. कुणी भिंतीवर टांगली तरी शोभेल अशी हवी होती. मधे एक मोठा चौक, त्याच्याभोवती माझ्या आणि तुझ्या जुन्या लुगड्यांचे लहान चौक, आणि कडेनं इरकलीचे काठ. ते जांभळं लुगडं तू ओळखशील, मंगळागौरीत फुगड्या खेळताना ज्याचा पदर तू फाडलास आणि दोन दिवस मला तोंड दाखवलं नाहीस. सगळं कागदावर आखून घेतलं, रंग लावून पाहिले. आणि मधल्या चौकात माझ्या अनंताचा निळ्या रेघांचा सदरा घातला.

हो, तोच, वेरूळचा. लग्नानंतर आपण चौघं गेलो होतो, आठवतं? कैलास लेण्यात उभा राहून तो परगावच्या माणसांना मोठमोठ्यानं माहिती देत होता, आणि एकेक मूर्तीचं नाव चुकवत होता. तू सगळ्यांसमोर त्याला खोडून काढलंस. मला वाटलं, आता हा चिडणार. तर हा पोट धरून हसला, मागं सरकला आणि दगडाच्या कोपऱ्यात अडकून खिसा टरकला. घरी आल्यावर तू तो खिसा शिवलास, तोही काळ्या दोऱ्यानं, टाके तर काय विचारूच नये. मी उसवायला घेतला, तर अनंतानं माझ्या हातातून सदरा काढून घेतला. म्हणाला, ‘राहू दे आई, तिचा टाका आहे.’ मला तेव्हा राग आला होता, आज लिहितानाही थोडा येतोय. तर तो खिशाचा तुकडाच मी मधोमध लावला. वाटलं, झालं, यापेक्षा चांगली गोधडी होणार नाही.

पूर्ण करून पलंगावर पसरली आणि मला ती आवडली नाही. का, ते कळेना. टाके एकसारखे होते, कोपरे कोपऱ्याला मिळाले होते, तरी तिच्याकडे पाहिलं की हात पुन्हा कात्रीकडे जाई. शेजारच्या सारजाबाई बघायला आल्या. संक्रांतीला तू त्यांना ओझरतं पाहिलं असशील, ठसठशीत कुंकू, मोठा आवाज. मुलगा वीज मंडळात लागला म्हणून गावची शेती दिराकडे सोपवून इथं आल्यात, आणि योगायोग म्हणजे देवगाव रंगारीच्याच, तुझ्या बद्रीनाथच्या गावच्या. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘लई झ्याक झालीय दमयंतीबाई. पन नजर जाऊन तिथंच बसतीय. बाकीचं कायबी दिसत नाय.’ मला ते झोंबलं. त्यांचा स्वतःचा टाका बोटभर लांब असतो, आणि मला सांगायला आल्या! त्या गेल्या तशी मी कात्रीचं टोक घालून मधला चौक उसवून काढला.

मग म्हटलं, रंगाचा दोष असेल. गुलमंडीवर जाऊन हिमरूचा तुकडा आणला, विटकरी रंगावर सोनेरी वेलबुट्टी. हिमरूच्या पाठीला सुटे धागे असतात, त्यात सुई गुंतून गुंतून मी रडकुंडीला आले. लावून झाल्यावर ती गोधडी एखाद्या नवाबाच्या दिवाणखान्यातली वाटायला लागली. तिच्याखाली पाय पसरायचीही चोरी. तोही काढला. मग सदऱ्याच्या पट्ट्या कापून चारी कडांना पानांसारख्या लावल्या. नजर मधे बसायला नको ना, मग कडेनं फिरू दे. तर आता जिकडे बघावं तिकडे निळ्या रेघा. तुझ्या मामंजींनी चष्मा पुसत विचारलं, ‘याचा मुद्दा काय आहे?’ माल खात्यात शेतसाऱ्याचे हिशेब तपासत आयुष्य गेलेल्या माणसाला सगळ्याला मुद्दा लागतो. मी म्हटलं, मुद्दा असता तर केव्हाच शिवून झाली असती.

काय सांगू तुला, हातांना चैन नव्हती. जेवताना मधेच उठून एखादा टाका बघून यायची. कणीक मळताना बोटं आपोआप धावदोरा घालायला लागत. भाजीवाल्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, आणि तुझ्या मामंजींना तर ते घरात बसतात म्हणूनही बोलले आणि बाहेर जातात म्हणूनही. रविवारी पैठण गेटवर उभी राहिले होते एकदा, तुझ्याकडे यायला. गाडी लागली, माणसं चढली, आणि मी उसाचा रस पिऊन घरी परतले. आल्या आल्या पानं उसवली.

बद्रीनाथचंही सांगते, आता लपवून काय करायचं. तुला सोडायला तो संक्रांतीच्या त्या दिवशी दारापर्यंत आला होता, तू बळंच आत आणलंस. चपला कुठं काढाव्यात इथपासून त्याला प्रश्न. शेवटी बसला तो नेमका अनंताच्या फोटोखालच्या खुर्चीवर. तुझे मामंजी पैठणच्या धरणाबद्दल विचारत होते, कालव्याचं काम कुठवर आलं वगैरे, आणि तो शाळेतल्या पोरासारखी एकेका शब्दाची उत्तरं देत होता. मधेच मान वळवून त्यानं फोटो पाहिला, दचकून उभा राहिला आणि सतरंजीवर जाऊन बसला. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, म्हणूनच आला. उद्धट असता, बावळट असता, तुझ्याकडे नीट बघत नसता, तर माझं काम किती सोपं झालं असतं. मी नाही म्हटलं असतं आणि दोघी मोकळ्या झालो असतो.

अनंता गेला तेव्हा तू एवढीशी होतीस. काविळीनं आठवड्यात होत्याचं नव्हतं केलं. तुझे वडील तुला न्यायला आले तर तू गेली नाहीस, मला धरून बसलीस. पुढचं शिक्षण मीच लावलं तुझ्या मागं. पैठणच्या शाळेत जागा निघाली तेव्हा मीच म्हटलं, जा, इथं माझ्याकडे बघत किती दिवस काढशील? लोक म्हणाले, दमयंतीबाईंनी सुनेला घराबाहेर काढलं. म्हणेनात! संक्रांतीला मी हळदीकुंकू करायचं सोडलं, ते गुडघे दुखतात म्हणून नाही. तुला बाजूला बसवून मला बायकांना कुंकू लावता येईना. एवढं सगळं कळणारी बाई मी, स्वतःला सुधारक समजणारी. आणि तू एक साधा प्रश्न विचारलास तर वरण ढवळत बसले.

शेवटी मी एक शक्कल काढली. सदरा दिसायलाच नको, पण असू दे. गोधडीत वरचं कापड आणि अस्तर यांच्यामधे जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्यातल्या मधल्या थरात मी सदऱ्याचे उरलेले तुकडे पसरले. वरून काही कळत नव्हतं. मधल्या चौकाला पांढरं मऊ धोतर लावलं. तू पांघरशील, तुला पत्ताही लागणार नाही, आणि मला माहीत असेल. मला ही युक्ती इतकी आवडली की मी चक्क गाणं गुणगुणत होते. तुझे मामंजी दोनदा दारात येऊन बघून गेले.

परवा दुपारी म्हटलं, पांघरून तर पाहू कशी लागतेय. बाहेर ऊन असं की कावळाही बसत नव्हता, आणि मी पलंगावर गोधडी घेऊन आडवी. अंगाला घामाच्या धारा. हात फिरवला तर बोटांना खालचा थर लागला, सदऱ्याची शिवण, कॉलरची जाड कड. आणि मला एकदम दिसलं. पैठणला तुझी खोली, थंडीची रात्र, तू आणि बद्रीनाथ, आणि तुमच्या अंगावर हे. तुम्हा दोघांच्या मधे मी माझ्या मुलाला निजवत होते, कालिंदी. तुला न सांगता. तू नव्या संसारात गेलीस तरी त्याच्या सदऱ्याखालून उठू नयेस म्हणून माझी ही सगळी धडपड चालली होती. मधे, कडेला, आत. जागा बदलत होते, हट्ट तोच होता. मला वाटत होतं की मी तुझ्यासाठी शिवतेय.

उठले आणि सगळी गोधडी उसवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हा मी रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. अनंता गेल्यावर लोकांसमोर रडले होते, तुझ्यासमोर रडले होते, पण असं एकटीनं जोरात नव्हते रडले. तू गेलीस की त्याच्याबद्दल बोलायला माझ्याजवळ कोण आहे? तुझे मामंजी त्याचं नाव निघालं की अंगणात जातात. तुझ्याशी बोलताना तो जरा वेळ घरात असल्यासारखा वाटतो. ती सोय मला सोडवत नव्हती, एवढंच होतं ते. सदऱ्याचे तुकडे धुतले, वाळवले, आणि माझ्या उशीच्या अभ्र्यात घातले. सुईच्या भोकांनी त्यांची पार चाळण झालीय. तो सदरा मला हवा होता. मलाच हवा होता, तर मी ठेवून घेतला.

मग गोधडी पुन्हा घातली. थर पसरले, कच्चे टाके टाचले, आणि कडेपासून आत धावदोरा घालत निघाले. या वेळी कागद काढला नाही. लहान चौक हाताला आले तसे बसवले, जांभळ्याशेजारी हिरवं आलं ते आलं. मधला चौक पांढराच ठेवला, त्यावर नुसते एकात एक फेरे. एक फेरा पार वाकडा गेला. उसवायला म्हणून टोक घातलं आणि तसाच राहू दिला. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी पाहिलं तर पट्टी घेऊन येतील.

काल सकाळी सारजाबाई आल्या, गहू पाखडायचं सूप घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मी शेवटाला आले होते. मधल्या चौकाची एक बाजू शेवटपर्यंत उघडी ठेवतात, गोधडीचं तोंड म्हणतात त्याला, तेवढीच शिवायची राहिली होती. मी दोरा ओवला, तर त्यांनी माझा हात धरला. ‘थांबा वो बाई. ही लेकीची का सुनंची?’ मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाल्या, त्यांच्याकडे सुनेला दिलेल्या गोधडीचं तोंड तसंच मिटतात, ती घरातच राहणार असते. लेक परघरी जाते, म्हणून तिच्या गोधडीला आई आधी घास भरवते, मग शिवते. ‘पोट भरलेली गोधडी लेकराला उपाशी निजू देत नाय,’ असं म्हणाल्या, आणि गहू पाखडत खाली बघत राहिल्या. माझ्याकडे अजिबात बघत नव्हत्या. देवगावची बातमी त्यांच्या कानावर केव्हाच आलेली असणार.

मी म्हटलं, ‘लेकीची.’ विचार करून नाही म्हटलं. सुई हातात होती, त्यांनी विचारलं, तोंडातून निघून गेलं. सारजाबाई ‘व्हय का?’ एवढंच म्हणाल्या आणि घरी जाऊन ज्वारीच्या भाकरीचा कोर आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. मी म्हटलं, मुंग्या लागतील. त्या म्हणाल्या, ‘लागू द्या, त्याबी खातील.’ शेवटी गूळ मी तोंडात टाकला आणि भाकरीचा वाळका तुकडा आत सरकवला, दोघींच्याही मनासारखं झालं. आमच्या घरात असलं काही कधी कुणी केलेलं नाही. तोंड मिटलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. गोधडी पसरली आणि मी तिच्याकडे पाहिलं. एक फेरा वाकडा, एका कोपऱ्यात काठ अपुरा पडलेला, मधे नुसतं पांढरं. आणि तिचा एकही टाका पुन्हा उसवावासा वाटेना. दुपारचा चहा मी गरम असताना प्याले, कितीतरी दिवसांनी. रात्री तुझ्या मामंजींनी गोधडी उचलून नीट घडी केली, ट्रंकेवर ठेवली आणि दिवा मालवताना म्हणाले, ‘देवगावला कुणीतरी जायला पाहिजे. मुलीकडच्यांनी आधी जायचं असतं.’ मी अंधारात नुसतं हं म्हटलं.

आता हे पत्र कशासाठी, ते. चालेल का, असं तू विचारलं होतंस. खरं सांगते, नाही चालत गं. तुझ्या गळ्यात दुसऱ्याच्या हातचं मंगळसूत्र बघणं मला कधीच चालणार नाही, आणि तरीही हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे, तू दोन्ही ठेव. तुझे मामंजी आज सकाळच्या एस.टी.नं देवगावला गेलेत, आप्पासाहेबांकडे, बद्रीनाथच्या वडिलांकडे, नवी टोपी घालून, मुलीचे वडील म्हणून. कचेरीत सह्या करून मोकळं व्हायचं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाक. लग्न या दारात होईल, वाजंत्री लावून होईल, गल्लीला जे बोलायचं ते मांडवाखाली जेवून बोलू दे. तू आठवडाभर आधी ये, हळद इथं लागेल. आणि एक लक्षात ठेव. अक्षता पडताना मुलीच्या आईनं समोर उभं राहायचं नसतं, तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. ज्यानं कुणी ही रीत घातली त्याला सगळं कळत होतं. मंगलाष्टकं चालू असताना मी मागच्या अंगणात असेन. मान वळवून मला शोधू नकोस. पाणी घालून झालं की मी डोळे पुसून येईन, आणि जावयाचे कान आधी मी पिळीन.

तुझीच,
आई